पंच क्रमांक एक

सिदनवाडीच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या त्या साली पाऊस वेळेवर झाला आणि शरणबसप्पाच्या वावरात सोयाबीन मांडीएवढं आलं. चार वर्षांत असं पीक आलं नव्हतं. ते फुलात असताना एके दिवशी सकाळी पिवळं जेसीबी बांध फोडून आत शिरलं आणि उभ्या पिकातून रस्ता पाडत पलीकडं निघून गेलं. शरणबसप्पा तेव्हा गोठ्यात गाईची धार काढत होता. त्याची बायको महादेवी शेण टाकायला गेली होती. तिनं ते पाहिलं, पाटी तिथंच टाकली आणि परतीच्या वाटेवर मशीनच्या पुढ्यात मांडी घालून बसली.

कंपनीचा माणूस कागद दाखवू लागला. शरणबसप्पा म्हणाला, "वावरावरनं तारा न्यायचं बोलनं झालं हुतं. रस्त्याचं कुनी बोललं न्हवतं." माणूस म्हणाला, कागदात आहे. कागद इंग्रजीत होता.

दुपारी अमरदीप आला. जाईबाईचा मुलगा. जाईबाई तीस वर्षं शरणबसप्पाच्या वावरात खुरपायला, काढणीला येत होती. पोरगं उमरग्याला शिकून पदवीधर झालं, एका वर्तमानपत्राला बातम्या देऊ लागलं. दिलेल्या बातमीतलं निम्मं कापून छापतात म्हणून त्यानं ते सोडलं आणि स्वतःच्या मोबाइलवरच 'माळावरची खबर' सुरू केली. माळाच्या वाऱ्यानं आवाज फाटू नये म्हणून तो माइकला जुना पायमोजा घालायचा. लोक हसायचे.

"अप्पा, रडू नका," तो म्हणाला. "रडलेलं लोक बघतेत आन् इसरतेत. गट नंबर सांगा. रस्ता किती रुंद हाय, तुमीच पावलं टाकून मोजा. मोठ्यानं मोजा."

शरणबसप्पा चुरगळलेल्या सोयाबीनवरून मोठ्यानं मोजत चालला. सात पावलं. मग लांबी. दोनशे अकरा पावलं. महादेवीनं चिरडलेलं एक झाड मुळासकट उचलून कॅमेऱ्यापुढं धरलं. झालं एवढंच. पण ते हजारो लोकांनी पाहिलं, तहसीलदार येऊन गेले, आणि मशीन दहा दिवस बंद राहिलं.

त्यानंतर आसपासच्या गावांतून अमरदीपला बोलावणी येऊ लागली. तो जाई, गट नंबर विचारी, मोजायला लावी. शेजारच्या एका गावात बायाबापे रस्त्यावर बसले आणि पोलिसांच्या काठ्या पडल्या. ते त्यानं जसं घडलं तसं दाखवलं. कुणी कुणाला कुठं मारलं, काठी आधी की दगड आधी, सगळं वेळेसकट. त्याला आठ दिवस झाले नव्हते.

भादव्यातल्या एका सकाळी नऊच्या सुमाराला ठाण्याचा जमादार मोटरसायकल घेऊन शरणबसप्पाच्या बांधावर आला.

"अप्पा, बसा मागं. सायबानं बोलावलंय. पाच मिनटाचं काम हाय."

शरणबसप्पाला वाटलं, रस्त्याच्या तक्रारीचं असेल. पायाला चिखल होता, तो तसाच बसला. ठाण्यात त्याला बाकावर बसवलं, चहा दिला. शेजारी तालुक्याचा एक शिंपी बसला होता. दोघांची ओळख नव्हती. अर्ध्या तासानं जमादारानं टेबलावर कागद मांडले. मराठीत होते, पण अक्षर बारीक, ओळीला ओळ चिकटलेली.

"काय लिवलंय?"

"नेहमीचंच. पंच म्हनून सही करायची."

"कशाचा पंच?"

जमादार खुर्चीत मागं रेलला. आवाज त्यानं चढवला नाही. "अप्पा, तुमचा वीरभद्र चक्कीवर वॉचमन लागलाय न्हवं? त्याची चारित्र्य पडताळनी आपल्याच टेबलावर हाय. गुनी पोरगं हाय. आपुन बी चांगलंच लिवनार."

वीरभद्र हा शरणबसप्पाचा एकुलता एक. रस्त्याची ओरड झाल्यावर कंपनीनं गावातल्या सहा पोरांना वॉचमन म्हणून घेतलं, त्यात तो होता. निळा शर्ट, शिट्टी, काळे बूट. घरात पहिल्यांदा कुणाला महिन्याचा पगार सुरू झाला होता.

शरणबसप्पानं सह्या केल्या. पाच कागदांवर. मग बंद खाकी पाकिटावर चिकटवायच्या चिठ्ठ्यांवर. पाकिटात काय आहे हे त्यानं विचारलं नाही. डिंक ओला होता, अंगठ्याला लागला. बाहेरच्या नळावर त्यानं तो घासघासून धुतला आणि मिळेल त्या टमटमनं गावी आला.

फाट्यावर उतरताच कळलं. पहाटे पाचला पोलीस बुद्धवाड्यात आले होते. अमरदीपला नेलं, मोबाइल नेला, कॉम्प्युटर नेला. बंदी घातलेल्या कुठल्या संघटनेशी त्याचा संबंध आहे म्हणे. देशाविरुद्धचा कायदा लावलाय, त्यात जामीन होत नाही म्हणे. फाट्यावरच्या हॉटेलात माणसं हळू बोलत होती. पहिला दिवस सगळे म्हणत होते, "पोरगं तसलं न्हवं." तिसऱ्या दिवसापासून म्हणू लागले, "कोन सांगावं बाबा."

जाईबाई चार दिवस कामाला आली नाही. पाचव्या दिवशी विळा घेऊन आली.

ती पाचसहा बायांची टोळी घेऊन काढणीला जायची. त्या साली टोळी फुटली. गौराबाई आणि आणखी एक तेवढ्या तिच्यासोबत राहिल्या. बाकीच्यांना घरून सांगितलं होतं, त्या घराच्या नादी लागू नका, पोलीस नावं लिहून घेतात. दुसऱ्या कुणी तिला कामाला सांगितलं नाही. ती दळणाला गेली की गिरणीवाला तिचा डबा बाजूला ठेवायचा, सगळ्यांचं झाल्यावर घ्यायचा. ती भिंतीला टेकून उभी राहायची.

शरणबसप्पानं मात्र तिला नाही म्हटलं नाही. नाही म्हणायला तोंड नव्हतं, आणि ये म्हणायलाही नव्हतं. ती वाकून सोयाबीन कापायची, तो पलीकडच्या टोकाला पेंढ्या गोळा करायचा. ती जवळ आली की त्याला बैलाचं काहीतरी आठवायचं.

सहा महिने गेले. फाल्गुनात ज्वारी काढायला आली. ज्वारी उपटायचं काम वाईट. दोन दिवसांत तळहाताची सालटी निघतात, ताटाच्या पात्यानं मनगटं चिरतात. दुपारी बाया लिंबाखाली भाकरी खायला बसल्या तेव्हा जाईबाई उठून शरणबसप्पाकडं आली. तो पेंढी बांधत होता.

"अप्पा, वकीलबाईनं कोडताचा कागूद वाचून दावला."

वकीलबाई म्हणजे निवेदिता. तुळजापूरची, मास्तरांच्या घरातली मुलगी. अमरदीपची केस तिनं आपण होऊन घेतली होती.

"त्यात तुमचं नाव हाय," जाईबाई म्हणाली. "पंच क्रमांक एक."

शरणबसप्पाच्या हातातला पेंढी बांधायचा आळा तुटला. त्यानं दुसरा घेतला.

"लिवलंय की तुमी सकाळी पाच वाजता माझ्या घरात हुता. पत्र्याच्या पेटीतनं लाल अक्षराची पत्रकं काढली, ती तुमच्या म्होरं काढली." ती थांबली. "माझ्याकडं पत्र्याची पेटीच न्हाई. लग्नातली हुती, ती गंजून गेली कवाच. कापडं दोरीवर असत्यात."

ऊन डोक्यावर होतं. लांब माळावर चक्क्यांची पाती फिरत होती.

"तीस वर्सं तुमच्या वावरात राबायलेय, अप्पा. माझा नवरा गेला तवा तुमी वाड्याच्या तोंडापर्यंत आला हुता. तितंच उभं राहून गेलात. पोरगं पदवीधर झालं तवा पेढे म्या तुमच्या वसरीवर आनून दिले. तुमी माझ्या घरात कवा आलात?"

त्यानं पेंढीची गाठ पुन्हा आवळली.

"भांडायला न्हाई आले. इचारायलेय."

 ती पदरानं मान पुसून आपल्या पातीला, वाटच्या ओळीला, लागली. दुसऱ्या दिवशी ती येणार नाही असं शरणबसप्पाला वाटलं, जरा बरंही वाटलं. पण ती उजाडायच्या आत आली आणि पहिली पात तिनंच धरली.

दीड वर्ष असंच गेलं. अमरदीपचा जामीन दोनदा नामंजूर झाला. जाईबाई महिन्यातून एकदा तुरुंगात जाऊन यायची. जायच्या आदल्या दिवशी महादेवीला सांगायची, "उद्या न्हाई जमायचं, बाई." महादेवी शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची. आत घेत नाहीत, हे दोघींनाही माहीत होतं. जाईबाई ती वाटेत खायची.

मार्गशीर्षात समन्स आलं. तोच जमादार घेऊन आला. आता केस थोडे पिकले होते त्याचे.

"काई न्हाई, अप्पा. सरकारी वकील इचारतील, सही तुमचीच का? व्हय म्हनायचं. कागदात लिवलंय ते खरं का? व्हय म्हनायचं. दोनदा व्हय म्हनून यायचं घरला."

संध्याकाळी वीरभद्र ड्यूटीवर जायच्या आधी जेवायला बसला. भाकरी मोडता मोडता, वर न बघता म्हणाला, "अप्पा, आमच्या सुपरवायझरनं बी इचारलं. म्हनला, तुज्या वडलांची साक्ष हाय म्हनं."

"मग?"

"मग काय. तुमाला जे वाटंल ते करा. माझं लगीन ठरायलंय, एवढं ध्यानात ठेवा."

तो शिट्टी गळ्यात अडकवून गेला. बुटांचा आवाज बोळाच्या टोकापर्यंत ऐकू आला. महादेवीनं ताट उचललं. शरणबसप्पानं कपाळावरची विभूती उगाच पुसली, पुन्हा लावली.

"तू काय म्हन्तीस?" त्यानं विचारलं.

"म्या काय म्हनू? कागूद तुमी केलाव." ती चुलीपुढं बसली. "खोटं बोलून आलात तर जाईबाईला तुमीच सांगा कामाला येऊ नको म्हनून. माझ्यानं तिच्या तोंडाकडं बगवनार न्हाई. दोन वर्सं कशी बगितली ते मला ठावं."

तारखेच्या दिवशी तो सकाळच्या एसटीनं जिल्ह्याला गेला. धुतलेलं धोतर, नवा पटका. कोर्टाच्या व्हरांड्यात गर्दी होती. खांबाला टेकून तो उभा राहिला. तेवढ्यात पोलिसांच्या गाडीतून चारपाच आरोपी उतरवले. त्यात अमरदीप होता. ओळखायला वेळ लागला. गाल आत गेलेले, कानावरचे केस पांढरे. चौतीस वर्षांचं पोर.

त्यानं शरणबसप्पाला लगेच ओळखलं. शिपाई हाताला धरून चालवत होता, तरी तो थबकला.

"अप्पा! रस्त्याचं काय झालं? बुजवला का?"

 दोन वर्षं शरणबसप्पा या पोराच्या तोंडून एकच प्रश्न ऐकायची धास्ती घेऊन होता. हा तो प्रश्न नव्हता.

"न्हाई," तो म्हणाला. "मुरूम टाकला. पक्का केला."

"आन् पानी? रस्ता उंच केला आसंल तर वरल्या अंगाला पानी तुंबत आसंल."

"तुंबतंय. दोन साल झाले तिकडलं पीक पिवळं पडायलंय."

"किती गुंठं?"

"बारा-तेरा."

"लिहून ठेवा, अप्पा. तारखेसकट लिहून..."

शिपायानं ओढलं. "चल रे, बास झाली खबर." अमरदीप हसला आणि पुढं गेला. व्हरांड्याच्या त्या टोकाला जाईबाई उभी होती. तिनं मुलाच्या पाठीवरून हात फिरवला, तेवढ्यात तो आत गेलाही.

दुपारी नाव पुकारलं. पिंजऱ्यात उभं राहून शरणबसप्पानं शपथ घेतली. सरकारी वकील सभ्य माणूस होता, हळू बोलत होता. सह्या दाखवल्या.

"तुमच्याच ना?"

"व्हय, सायेब."

"पंचनाम्यात लिहिल्याप्रमाणे, आरोपीच्या राहत्या घरातून, तुमच्यासमोर, पत्र्याच्या पेटीतून ही पत्रकं आणि हा पेन ड्राइव्ह जप्त केला. बरोबर?"

आणखी एक 'व्हय' म्हटलं की झालं असतं. तो शब्द तोंडात तयारही होता.  शरणबसप्पानं पिंजऱ्याचं लाकूड धरलं.

"मी तितं न्हवतो."

टाइप करणारी बाई थांबली. जज्जसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "नीट सांगा. कुठं नव्हता?"

"त्या घरात, सायेब. मला नऊ वाजता वावरातनं नेलं. ठान्यात सह्या घेतल्या. पाकीट आधीच बंद हुतं. आत काय हुतं ते म्या बगितलं न्हाई."

सरकारी वकिलानं कागद खाली ठेवले, मग पुन्हा उचलले. साक्षीदार फितूर झाला आहे, उलटतपासाची परवानगी मिळावी, असं तो म्हणाला. परवानगी मिळाली. 'फितूर' हा शब्द शरणबसप्पाला समजला. 

"आरोपीची आई तुमच्या शेतात कामाला आहे, म्हणून तुम्ही आज खोटं सांगताय?"

"न्हाई."

"सही केली तेव्हा खोटं वाटलं नाही, आता वाटतंय?"

"तवा बी वाटलं. तवा भ्यालो."

"तुमचं घर आणि त्यांचं घर एका गावात. किती अंतर?"

"हाक दिली तर ऐकू जाईल."

"आणि तुम्ही म्हणता त्या घरात गेला नव्हता."

"जल्मात गेलो न्हाई, सायेब."

वकील हसला. "तीस वर्षांपासूनची मजूर, हाकेच्या अंतरावर घर, आणि एकदाही गेला नाहीत? कोण विश्वास ठेवेल?"

शरणबसप्पानं मागं पाहिलं. शेवटच्या बाकावर जाईबाई बसली होती, हात मांडीवर, नजर हातांवर. निवेदिता उभी राहिली होती.

"आमी जात न्हाईत," तो म्हणाला.  "तेंच्या घरात आमच्यातलं कुनी जात न्हाई. माझा बाप गेला न्हाई, म्या गेलो न्हाई. ही काई सांगायची गोष्ट न्हाई, सायेब. पर ते खरं हाय. त्या घरात पेटी हाय का मडकं हाय, मला कसं ठावं आसनार?"

  जज्जसाहेबांनी शब्द एकेक करून टाइप करणाऱ्या बाईला सांगितले. "मी आरोपीच्या घरात आजपर्यंत कधीही गेलो नाही." खटखट झाली. शरणबसप्पाला ती आपल्या पाठीवर झाल्यासारखी वाटली.

परतीच्या एसटीत गर्दी नव्हती. तो खिडकीशी बसला. जाईबाई चढली, इकडंतिकडं पाहिलं आणि त्याच्याच बाकावर, मधे पिशवी ठेवून, बसली. शहर मागं पडलं.

"लई उशीर केलाव, अप्पा," ती म्हणाली.

"व्हय."

"पयल्याच सालाला बोलला आसता तर."

"व्हय."

तिनं पिशवीतून फडकं काढलं. भाकरी होती, ठेचा होता. सकाळपासून तिनंही खाल्लं नव्हतं. तिनं भाकरी मोडली आणि अर्धी त्याच्यापुढं धरली, दुसरीकडं बघत, जणू तो घेईल न घेईल याच्याशी तिला घेणं नव्हतं. त्यानं घेतली. ठेचा तिखट होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, नाक वाहू लागलं. ते नुसतं ठेच्यानं होतं की नाही, हे जाईबाईनं पाहिलं नाही. घरी पोचल्यावर महादेवीनं ताट वाढायला घेतलं तेव्हा तो म्हणाला, "खाल्लंय म्या. जाईबाईजवळचं." महादेवी पळी हातात धरून क्षणभर बघत राहिली. मग तिनं तवा उतरवला.

तिसऱ्या दिवशी पेपरात आलं, चार ओळी. पंच फितूर. फाट्यावरच्या हॉटेलात शरणबसप्पा गेला की कोपऱ्यातून कुणीतरी म्हणायचं, "या, फितूर." तो चहा प्यायचा आणि यायचा. काही दिवसांनी म्हणायचं कमी झालं. दुसरा पंच, तो शिंपी, त्यानंही पुढच्या तारखेला अडखळत का होईना, तेच सांगितलं. अमरदीपला जामीन मिळाला तो मात्र उन्हाळ्यात. खटला अजून चालू आहे. दर सोमवारी त्यानं ठाण्यात हजेरी द्यायची, मोबाइलवर काही दाखवायचं नाही, अशा अटी आहेत. तो पाळतो. वहीत मात्र लिहीत असतो. ते सगळं नंतरचं.

पौषात, साक्षीनंतर आठच दिवसांनी, वीरभद्र सकाळी दहा वाजता घरी आला. एरवी तो सातला येऊन झोपायचा. अंगात घरचा सदरा होता. निळा शर्ट आणि शिट्टी कंपनीनं परत घेतली होती. बूट त्याच्या स्वतःच्या पैशाचे होते, ते पायात होते.

महादेवीनं तांब्या आणून दिला. तो ओसरीच्या पायरीवर बसून गटागटा पाणी प्याला. शरणबसप्पा समोर कोयता घासत बसला होता. दुसऱ्या दिवशी तूर तोडायची होती.  ज्या घरी लग्नाचं बोलणं चाललं होतं त्यांचा निरोप कालच येऊन गेला होता, जरा थांबू म्हणून. आता हा भडकणार, असं धरून शरणबसप्पा पातं दगडावर ओढत राहिला.

वीरभद्रानं तांब्या खाली ठेवला.

"तुरीला किती मानसं सांगितलीत?"

"पाच. जाईबाई आन् तिच्या चौघी. फुटल्या त्यातल्या दोघी बी आल्यात परत."

"सहावा मला धरा."

शरणबसप्पाचा हात थांबला. पोराच्या तोंडावर राग होता, नाही असं नाही. पण तो तोंड फिरवून बसला नव्हता.

"बूट काढून ठेव मग," शरणबसप्पा म्हणाला. "बुटावर तूर तोडतेत व्हय कुनी?"

"आसू द्या. खुट्ट्या बोचत न्हाईत."

महादेवी आतून हसल्यासारखी झाली. शरणबसप्पा उठला, गोठ्याच्या आढ्याला खोवलेला जुना कोयता काढला आणि दगडावर पाणी शिंपडून तो घासायला बसला.